मुलुंड ते खंडाळा, सायकलवर, एकट्यानं: परतीचा हिशेब आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला राहता, वय ४१, सात-आठ महिन्यांपासून हायब्रिड सायकल चालवता, रविवारी ५०-६० किलोमीटर होतात. डिसेंबरात एका दिवसात, एकट्यानं, खंडाळ्याचा घाट चढून घरी परत यायचंय. ग्रुप नको. घाट जमेल का आणि पायांची तयारी कशी करू, असं विचारलंय. वहिनींना हा वेडेपणा वाटतो, हेही प्रामाणिकपणे लिहिलंय.

पायांचं आधी सांगून टाकते. सपाटीवर ६० किलोमीटर करून संध्याकाळी घरात नीट उभा राहू शकणारा माणूस खोपोली ते खंडाळा चढू शकतो. वेग विचारू नका. मध्ये दोन-चारदा थांबाल, एखादा तुकडा सायकल हातात धरून चालाल, पण चढाल. मी बरीच वर्षं एकटीनं घाट करते आणि नव्या मंडळींना पहिल्या घाटासाठी तयारही करते. पाय संपले म्हणून घाटातून परत फिरलेले फार थोडे पाहिले. दुपारी दोनच्या सुमारास चौकच्या अलीकडे-पलीकडे, समोरून वारा, बाटलीत कोमट पाणी, डोक्यावर ऊन आणि घर अजून ५० किलोमीटर लांब, अशा अवस्थेत रस्त्याकडेला बसलेले मात्र पुष्कळ पाहिले. त्यातला एखादा टेम्पोवाल्याशी भाव ठरवत असतो.

घाट हा तुमच्या दिवसातला दीड तास आहे. उरलेले नऊ-दहा तास कसे निभावतील, ते आधी बघू.

रस्ता असा धरा: मुलुंडहून ऐरोली पूल, ठाणे-बेलापूर रस्ता, पुढे सायन-पनवेल रस्त्यानं कळंबोली, पनवेल, पळस्पे फाटा, चौक, खालापूर, खोपोली. कळंबोलीला जागे राहा. एक्स्प्रेसवे तिथूनच सुरू होतो आणि त्यावर सायकलला, मोटरसायकललासुद्धा, बंदी आहे. पहाटेच्या अंधारात मोठी पाटी बघून माणूस सरळ तिकडे शिरतो. आपल्याला पनवेल गावाकडे आणि तिथून पळस्प्याला जायचंय. खोपोलीपर्यंत साधारण ७० किलोमीटर, वर खंडाळ्यापर्यंत आणखी दहा-अकरा. म्हणजे जाऊन-येऊन १६० च्या आसपास. तुमच्या रविवारच्या अडीचपट, वर घाट.

आता घड्याळ. सपाटीवर ताशी १८ चा सरासरी वेग धरू. हायब्रिडवर, बॅग घेऊन, सिग्नल धरून हा ठीक आहे; २२ धरणारे स्वतःला फसवतात. ७० किलोमीटरला जवळजवळ चार तास. चढाला दीड तास, उताराला अर्धा. परत ७० किलोमीटर, या वेळी दमलेल्या पायांनी, म्हणजे साडेचार. झाले साडेदहा तास, आणि यात चहा, वडा, पंक्चर, लघवी, फोटो काहीच नाही. दोन तास त्याचे. डिसेंबरात मुंबईला उजाडतं सातच्या सुमारास आणि सूर्य सहाला बुडतो. पहाटे पाचला निघालात तर घरी पोचेपर्यंत साडेपाच-सहा, तेही सगळं सुरळीत झालं तर. जरा काही बिघडलं की शेवटचे ३० किलोमीटर रविवार संध्याकाळच्या गर्दीत, अंधारात, असं गणित आहे हे.

त्यात वाऱ्याचा हिशेब कुणी करत नाही. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मंद वारा असतो, तो जाताना समोरून लागतो, पण जाणवण्याइतका क्वचितच. दुपार होता होता जमीन तापते आणि समुद्रावरून वारा सुटतो, पश्चिमेकडून, वायव्येकडून. तुम्ही त्याच वेळी नेमके खोपोलीहून पनवेलकडे तोंड करून निघालेले असता. रस्ता सपाट, पायांना घाटाचा शीण आणि समोरून सतत वारा. सकाळी २० नं आलेला माणूस दुपारी १४ वर येतो. बऱ्याच जणांना वाटतं आपला दम कमी पडला. दम तेवढाच असतो, वारा वाढलेला असतो.

म्हणून पहिल्या वेळी माझा स्पष्ट सल्ला: जाताना सायकलनं जा, घाट चढा, उतरून खोपोलीला या आणि तिथून लोकलनं घरी या. दिवस ९०-९५ किलोमीटरचा होतो, घाट पुरा होतो, आणि सर्वांत वाईट तुकडा गळून जातो. यात काही कमीपणा नाही. घरापासून स्वतःच्या पायांनी जाऊन घाट चढणं हा त्या दिवसाचा गाभा, आणि तो शाबूत राहतो. १६० किलोमीटरची हौस दुसऱ्या-तिसऱ्या वेळी भागवा.

लोकलचं मात्र आधी बघून ठेवा. खोपोलीच्या गाड्या मोजक्याच. एक चुकली की पुढचीसाठी बराच वेळ फलाटावर बसावं लागतं. नाहीतर कर्जत गाठायचं, ते आणखी १५ किलोमीटर. आणि रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आलाच. शनिवारी संध्याकाळी ब्लॉक कुठून कुठपर्यंत आहे ते वाचून मगच झोपा. सायकल लगेजच्या डब्यात, पुढचं चाक काढून. तिचं तिकीट काय पडतं आणि नेऊ देतात का, हे तिकीट खिडकीवर आधीच एका संध्याकाळी विचारून घ्या. संध्याकाळच्या गर्दीत शिरू नका. लोणावळ्यापर्यंत चढून तिथून लोकल पकडू, असा बेत काही जण करतात. लोणावळ्याहून मुंबईला लोकल नाही. मेल-एक्स्प्रेसला सायकल म्हणजे पार्सलचा व्यवहार, तो त्या दिवशी ऐनवेळी जमत नाही. म्हणजे उतरावं खोपोलीलाच लागतं.

शक्य असेल तर शनिवारीच जा, किंवा रजा टाकून मधल्या वारी. रविवारी सकाळी लोणावळ्याकडे निम्मी मुंबई निघालेली असते.

घाट हाच का, असंही विचारायला हरकत नव्हती. मुंबईकरासमोर तीन सरळ पर्याय. माळशेज सर्वांत देखणा; पण कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत पायथ्याला पोचतानाच निम्मा दिवस जातो, जवळ रेल्वे नाही आणि काही बिघडलं तर मदत लांब. तो मुक्कामी करा. पावसाळ्यात एकट्यानं तर नकोच, तिथे दरडी येतात. कसारा तुमच्यासाठी तालीम म्हणून उत्तम. लोकलनं सायकल घेऊन कसाऱ्याला उतरा, घाट चढून घाटनदेवीच्या देवळापर्यंत किंवा इगतपुरीत जा, चहा घ्या, तसेच खाली. ३०-३५ किलोमीटरचा मामला, अर्ध्या दिवसात घरी. ट्रक भरपूर असतात, पण रस्ता रुंद आहे आणि पायथ्याशी स्टेशन आहे. खंडाळ्याआधी हा एकदा कराच. तिथे तुम्हाला तुमचा चढाचा वेग कळेल, आणि तो कळल्याशिवाय वरचं सगळं गणित अंदाजावर आहे.

आता चढ. खोपोली समुद्रसपाटीपासून फार वर नाही, खंडाळा साडेपाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे दहा-अकरा किलोमीटरमध्ये जवळपास पाचशे मीटर उंची, सरासरी पाच टक्के. सरासरी ऐकायला सौम्य लागते. प्रत्यक्षात काही तुकडे जवळजवळ सपाट आणि काही वळणं सात-आठ टक्क्यांची, एखादं त्याहून उभं. याच घाटातून, म्हणजे बोरघाटातून, १८६३ मध्ये रेल्वे वर गेली, तेव्हा जास्तीत जास्त चढ ठेवला तो ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे पावणेतीन टक्के. तेवढ्यालाही आजतागायत बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. तुम्ही त्याच्या दुप्पट चढावर आहात, एका इंजिनावर.

त्या इंजिनाची ताकद वाढवायला महिने लागतात. गिअर बदलायला एक दुपार पुरते. म्हणून मी नव्या माणसाला व्यायामाआधी चक्रीचे, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या दातेरी चाकाचे, दात विचारते. आकडे बघा. तुम्ही आणि सायकल-सामान मिळून ९० किलो धरू, चढ सात टक्के. पुढची लहान चक्री ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठी २८ ची असेल, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेरे, म्हणजे ताशी पावणेअकरा किलोमीटर. तेवढ्या वेगानं ९० किलो वर उचलायला १८० वॅटच्या वर लागतात. सात-आठ महिन्यांच्या सरावावर हे चढ संपेपर्यंत निभणं कठीण. मग फेरे घसरतात, ५०, ४०. गुडघ्यावर भार येतो आणि माणूस उतरतो. तोच माणूस पुढे २४ आणि मागे ३२ दात घेऊन आला, तर एका फेऱ्यात दीड मीटरच्या जरा वर जातो, त्याच ७० फेऱ्यांना ताशी साडेसहा किलोमीटर पडतात आणि काम होतं ११५ वॅटच्या आत. माणूस तोच, पाय तेच.

तीन चक्र्यांच्या हायब्रिडवर बहुधा हे आधीच बसवलेलं असतं. फक्त लोक सर्वांत खालचा गिअर ‘वाईट वेळेसाठी’ राखून ठेवतात. राखू नका. चढ सुरू व्हायच्या आधीच, पाय हलके असताना, लहान चक्रीवर या. भर चढावर जोर लावत गिअर पाडलात तर चेन अडकते, नाहीतर निघते, आणि मागे ट्रक असतो.

पहिला किलोमीटर मुद्दाम हळू घ्या. खोपोलीत पोट भरलेलं, सूर्य वर आलेला, अंगात उत्साह, सगळे तिथेच घाई करतात. माझं माप साधं आहे: हरिपाठातली एक ओळ श्वास न तोडता म्हणता आली पाहिजे. दर दोन शब्दांनी दम लागला तर वेग जास्त झालाय. बसूनच चढा. उभं राहून पॅडल मारलं की बरं वाटतं, पण नाडी चढते. पाठ मोकळी करण्यापुरतं, पाच-दहा फेरे, बस.

वाटेत शिंगरोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं, अशी कथा सांगतात. येणारे-जाणारे गाडी हळू करून नाणं टाकतात. १८३० मध्ये या घाटातून गाडीरस्ता झाला तेव्हापासून इथे माणसं दम खात आली आहेत, तुम्हीही खा. पण थांबायचं ते देवळापाशी किंवा जिथे रस्ता रुंद आणि सरळ आहे तिथे. वळणाच्या पोटात कधीही नाही. वरच्या टप्प्यात जुना रस्ता आणि एक्स्प्रेसवेची वाहतूक एकमेकांजवळ येतात. घाटात कामंही निघत असतात, त्यामुळे वळवलेले रस्ते बदलतात. त्या आठवड्यात मोटरसायकली कुठून सोडताहेत ते खोपोलीत चहावाल्याला नाहीतर वाहतूक पोलिसाला विचारा. जिथून मोटरसायकलला मनाई, तिथून तुम्हालाही.

चढावर ट्रकशी तुमचं भांडण नसतं. तो भरलेला ट्रक ताशी १५ नं रांगत असतो, तुम्ही सातनं. त्रास असतो तो त्याच्या धुराचा, आणि त्याला ओलांडायला निघालेल्या मोटारींचा. डाव्या कडेपासून हातभर आत चालवा. अगदी कडेला गेलात तर मागच्याला वाटतं जागा आहे, आणि तो आत घुसतो. शिवाय कडेला खडी असते. ट्रकची साखळी धरून चढणारी मुलं दिसतील. त्यांच्याकडे बघू नका.

पाण्याबद्दल दोन शब्द. कोकणात हवा दमट असते, घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि घाम येतच राहतो. डिसेंबरातही चढावर तासाला पाऊण ते एक लिटर जाऊ शकतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या, एकीत साधं पाणी, एकीत ओआरएस. मोठी पुडी एका लिटरची असते, ती अर्ध्या बाटलीत ओतून घट्ट द्रावण करू नका, पोट बिघडतं. खाणं दर पाऊण तासाला थोडंथोडं: केळं, शेंगदाण्याची चिक्की, गूळपोळीचा तुकडा. तहान-भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. खोपोलीत रमाकांतचा वडा खायचा मोह होणारच. एक खा. दुसरा उतरून आल्यावर. तळलेलं पोटात घेऊन सात टक्क्यांच्या चढावर काय होतं, ते इथे लिहित नाही.

वर पोचलात की हवा तीन-चार अंशांनी थंड लागेल आणि डोकं जरा हलकं होईल. तिथे अर्धा तास थांबा, नुसता फोटो काढून फिरू नका. कारण पुढचा अर्धा तास हा दिवसातला सर्वांत धोक्याचा आहे.

उतार. यावर मी जास्त लिहिणार, कारण चढाच्या भीतीत याचा विचार कुणी करत नाही. चढताना तासाभराहून जास्त वेळ घालवून जी ऊर्जा तुम्ही उंचीत साठवली, ती सगळी वीस-पंचवीस मिनिटांत बाहेर पडते. थोडी हवा ढकलण्यात जाते, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन. सतत ब्रेक दाबून उतरलात तर रिम ब्रेकवर चाकाची कड तापते, आत ट्यूब असते. डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मध्यावरची तबकडी धरणारा, असेल तर पॅड तापून पकड सुटायला लागते. म्हणून ब्रेक धरून ठेवायचा नाही. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक एकदम, ठामपणे, वेग पाहिजे तेवढा खाली आणायचा. मग सोडून द्यायचा आणि वळण मोकळ्या चाकांनी घ्यायचं. वळणाच्या मध्यावर ब्रेक मारावासा वाटला तर समजा आधी कमी मारला. पुढच्या ब्रेकला घाबरू नका. थांबवण्याची बरीचशी ताकद त्याच्यातच आहे. कसाऱ्याच्या तालमीत त्याची सवय करा. वजन सीटवर मागे, हात कोपरात वाकलेले, वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पॅडल खाली, आणि नजर खड्ड्यावर न ठेवता जिथे जायचंय तिथे.

वेगाची हद्द घरूनच ठरवा. पहिल्या उताराला ३०, फार तर ३५. सरळ तुकड्यात सायकल सहज ५० ला पोचते आणि तेव्हा मजा येते, हे खरं आहे. पण वळणावर सांडलेलं डिझेल, काँक्रीटचे सांधे, रंबलरचे पांढरे पट्टे, कडेची वाळू, यातलं काहीही ५० ला दिसून उपयोग नसतो.

उताराला ट्रकशी मात्र नीट वागावं लागतं. लांब गाडी तीव्र वळण घेते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेत येत नाहीत, आतल्या बाजूला कापत येतात. वळणाच्या आतल्या बाजूला, ट्रक आणि कठडा यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते, ती वळण पूर्ण होईपर्यंत नाहीशी होते. त्या जागेत कधीही नसायचं. पुढचा ट्रक हळू उतरतोय म्हणून चिडू नका, त्याच्यामागे चांगलं अंतर सोडून राहा. त्याच्या ब्रेकचा जळका वास आला तर अंतर आणखी वाढवा, नाहीतर सरळ बाजूला थांबून त्याला जाऊ द्या. मागून हॉर्न मारणाऱ्यासाठी कडेला पळू नका. सरळ तुकडा आला की हात दाखवून जागा द्या.

घामानं भिजलेल्या शर्टावर उताराचा वारा लागला की अंग काकडतं, बोटं आखडतात, आणि ब्रेक बोटांनीच मारायचा असतो. विंडचीटर ठेवा. विसरलात तर जुन्या सायकलवाल्यांची युक्ती: वर्तमानपत्राचे दोन कागद शर्टाच्या आत छातीवर. मध्ये एकदा थांबून हात झटका, चाक हातानं न धरता रिमच्या जवळ बोट नेऊन किती तापलंय ते बघा.

एकटं जाण्याबद्दल. मला ग्रुपपेक्षा एकटं जाणं आवडतं आणि त्याला वेडेपणा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ग्रुपमध्ये नवखा माणूस दुसऱ्याच्या वेगानं चढतो, दुसऱ्याच्या वेगानं उतरतो, आणि यातलं दुसरं जास्त वाईट. एकट्यानं जाण्यात एकच मोठी उणीव: ‘आता पुरे’ असं सांगणारं कुणी नसतं. दमलेल्या डोक्याला तो निर्णय घेता येत नाही, म्हणून तो आदल्या रात्री कागदावर घ्यायचा. तुमच्यासाठी मी असा लिहीन: साडेनऊपर्यंत खोपोली सोडली नाही तर घाट नाही, साडेअकराला जिथे असू तिथून खाली. हा कागद वहिनींना द्या. निघताना लोकेशन चालू करून त्यांना पाठवा आणि पनवेल, खोपोली, खंडाळा, परत खोपोली, अशा चार ठिकाणांहून एकेक मेसेज. मेसेज उशिरा आला तर किती वेळ वाट बघायची आणि मग काय करायचं, हेही आधीच ठरवा. नाहीतर तुम्ही वड्याच्या रांगेत आणि त्या इकडे घाबरलेल्या. फोन घाटात खिशात, बॅटरी बँक बॅगेत. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ पाठ असू द्या. हेल्मेटच्या आत नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहून चिकटवा.

चाळिशीनंतर आणखी एक. चढावर छाती जड वाटली, दुखणं जबड्याकडे किंवा हातात उतरलं, किंवा घाम नेहमीपेक्षा वेगळा, थंड आला, तर सायकल आडवी करून बसा आणि फोन करा. बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर निघण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोला. ओआरएसमध्ये मीठ आणि साखर दोन्ही असतं.

सामान थोडकं, पण हे हवंच: दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, पंक्चरचं किट, ॲलन कीचा संच, चेन टूल, पुढचा-मागचा दिवा. हायवेवर पंक्चरवाले भरपूर आहेत, पण ते ट्रक-मोटारीचे. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा वॉल्व्ह असेल तर त्यांच्या कॉम्प्रेसरचं तोंड त्यावर बसत नाही. लहानसं पितळी ॲडॅप्टर मिळतं, ते खिशात टाका. आणि जुन्या हायवेवर बहुतेक पंक्चर होतं ते खिळ्यानं नव्हे, फुटलेल्या ट्रकटायरमधल्या केसासारख्या बारीक तारेनं. ती डोळ्यांना दिसत नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून बोटानं, पण जपून, चाचपा. तार राहिली तर दुसरीही ट्यूब पाच मिनिटांत जाते. ती उपटायला घरातला भुवयांचा चिमटा चालतो.

तयारीला तुमच्या हाताशी महिना-दीड महिना आहे असं धरते. पूर्वद्रुतगती मार्गावर रपेट वाढवून काही साधणार नाही. तुम्हाला ठाण्याचा येऊरचा डोंगर जवळ आहे. आठवड्यातून एकदा पहाटे ती चढण सलग तीन-चार वेळा, सर्वांत हलक्या गिअरवर, न थांबता. मोबाइलमधल्या ॲपवर वेग बघू नका, एकूण चढलेली उंची बघा. एका सकाळी ५०० मीटर जमली की घाट झाला समजा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ताही चांगला. रविवारी एकदा पनवेलपर्यंत जाऊन या, म्हणजे कळंबोलीची गुंतागुंत उजेडात बघून होईल. मग कसारा. मग शेवटच्या आठवड्यात काही नाही, फक्त ब्रेकचे पॅड आणि केबल तपासून घेणं, आणि झोप. केबल जुनी असेल तर बदलाच. शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

आता तुम्ही एक करा. सायकल उलटी करून पुढच्या सर्वांत लहान आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीचे दात मोजा, रिम ब्रेक आहेत की डिस्क ते बघा, आणि तुमचं वजन, हे तिन्ही इथेच लिहा. गिअर बदलायची गरज आहे का आणि खोपोली नेमकी किती वाजता सोडायची, ते त्यावरून सांगते.